सामायिक धनातील आपला वाटा

पैसा कोठे ठेवावा हा व्यवहाराचा प्रश्न खरा. परंतु ठेवलेला पैसा परत घेताना आपण नेमका कोणाचा पैसा उचलतो, हा प्रश्न नीतीचा आहे. म्युच्युअल फंडाच्या बाबतीत तो फार सूक्ष्म होतो.

अशा फंडात अनेकांचे द्रव्य एकत्र होते, त्यातून शेअर व कर्जरोखे घेतले जातात आणि ती मालमत्ता विश्वस्त युनिटधारकांसाठी सांभाळतात. मालमत्तेतून देणी वजा करून उरलेल्या रकमेस युनिटांच्या संख्येने भागले, की एका युनिटाचे मूल्य निघते. व्यवस्थापनाचा खर्चही, नफा होवो वा तोटा, याच द्रव्यातून जातो. हे पुष्कळांच्या ध्यानी येत नाही.

समजा, दहा जणांनी शंभर-शंभर रुपये घालून दहा रुपयांची शंभर युनिटे घेतली. पुढे बाजार उतरून हजाराचे आठशे झाले. युनिटाचे खरे मूल्य आता आठ रुपये. पण जाहीर भाव दहाच राहिला आणि दोघे दोनशे रुपये घेऊन निघून गेले, तर उरलेल्या आठ जणांच्या वाट्यास प्रत्येकी पंचाहत्तरच रुपये येतात. कोणी कोणाच्या घरात शिरले नाही, तरी चाळीस रुपये एकाकडून दुसऱ्याकडे गेले!

हे केवळ कल्पनेतले नव्हे. युनिट ट्रस्टने १९६४ साली काढलेल्या युनिट योजनेचा भाव मालमत्तेच्या मूल्याशी बांधलेला नव्हता. २००१ च्या एप्रिल-मे महिन्यांत मोठमोठ्या कंपन्यांनी आपले द्रव्य काढून घेतले आणि जुलैच्या प्रारंभी युनिटांची खरेदी-विक्रीच सहा महिन्यांपुरती थांबली. मागे राहिले ते बहुधा पेन्शनीवर जगणारे आणि लेकीच्या लग्नासाठी पै-पै जमविणारे. पुढे सरकारने लहान धारकांस आधार दिला खरा. पण तो भार अखेर ज्यांनी एकही युनिट घेतले नव्हते अशांवरही पडला.

यावर कोणी म्हणेल, भाव संस्थेने जाहीर केला, आम्ही तो घेतला; यात आमचा दोष कोणता? अजाणता घेणाऱ्यास दोष देववत नाही. जाणून घेणाऱ्याविषयी मात्र माझे मन निःशंक होत नाही. अर्थात, खोटा भाव मांडणाऱ्याचा दोष मला त्याहून मोठा वाटतो, कारण विश्वास त्याच्यावर टाकलेला होता.

जानेवारी २००२ पासून त्या योजनेचा भावही मूल्याशी जोडला गेला. आज फंडांचे मूल्य रोज प्रसिद्ध होते. ते उतरलेले पाहून आपण खिन्न होतो, आणि फंडाने निदान मुद्दल तरी द्यावे असे म्हणतो. ते कोणाच्या वाट्यातून द्यावे, हे मात्र आपण विचारीत नाही.