खेळण्याचे मोल आणि तिसरा पक्ष

वस्तूचे मूल्य कशात असते, हा प्रश्न तत्त्वज्ञ विचारतात तसा मुद्रांक कार्यालयातही विचारला जातो. तत्त्वज्ञाला उत्तराची घाई नसते. कार्यालयात मात्र सायंकाळच्या आत आकडा लिहावा लागतो. महाराष्ट्र शासनाच्या सेवेतील माझी बरीच वर्षे असे आकडे लिहिण्यात आणि इतरांनी लिहिलेले तपासण्यात गेली. वार्षिक बाजारमूल्य दर तक्ते, ज्यांना लोक रेडी रेकनर म्हणतात, ते समोर असले की काम पुष्कळ सोपे होते. परंतु त्या तक्त्यांच्या मुळाशी मूल्यांकनशास्त्राची एक जुनी कल्पना आहे आणि ती मला सदैव विचार करायला लावत आली. राजीखुशीने विकणारा आणि राजीखुशीने घेणारा, दोघेही जाणते, दोघांपैकी कुणावरही सक्ती नाही, अशा दोघांत खुल्या बाजारात जी किंमत ठरेल ते बाजारमूल्य. जमीनजुमल्याच्या बाबतीत ही कल्पना कशीबशी तग धरते. खेळण्याच्या बाबतीत ती तग धरते का, हा प्रश्न निवृत्तीनंतर खेरडीत येऊन माझ्यापुढे उभा राहील, असे मात्र मला कधी वाटले नव्हते.

खेरडी हे सिल्वासाच्या परिसरातले गाव. दादरा व नगर हवेली १९५४ मध्ये पोर्तुगीजांच्या अमलातून सुटली, १९६१ मध्ये केंद्रशासित प्रदेश झाली आणि २०२० मध्ये दमण-दीवशी जोडली गेली. करांच्या सवलतींमुळे मधल्या काळात येथे कारखाने आले. त्यांत प्लास्टिकचे पुष्कळ. वारली-कोकणांची भातखाचरे आणि कारखान्यांच्या पत्र्याच्या शेड यांचा शेजार आता कुणाला नवा वाटत नाही. मुलाच्या नोकरीमुळे माझा मुक्काम येथे असतो. त्याचा एक सहकारी, चाळिशीतला, प्लास्टिकच्या वस्तूंचे साचे तयार करण्याचे काम करतो आणि उरलेल्या वेळात विज्ञानकथांतील पात्रांच्या छोट्या प्रतिकृती जमवतो. अंतराळातले योद्धे, यंत्रमानव, मुखवटे घातलेले खलपुरुष. त्यांना सारे जग ॲक्शन फिगर म्हणते आणि मराठीत त्याला रुळलेला शब्द नाही. हा शब्दही मोठा गमतीचा आहे. १९६४ मध्ये अमेरिकेतील हास्ब्रो कंपनीने जी. आय. जो हा सैनिक बाजारात आणला, तेव्हा मुलगे बाहुली घेणार नाहीत अशी धास्ती होती. म्हणून बाहुलीला बाहुली न म्हणता हे नवे नाव शोधले गेले. आपल्याकडे ठकी ही ठकीच राहिली. तिला नाव बदलून घ्यावे लागले नाही.

आपल्या मराठीत विज्ञानकथा आहे, पण तिची खेळणी नाहीत. मराठी विज्ञान परिषदेच्या १९७४ च्या स्पर्धेत जयंत नारळीकरांनी टोपणनावाने कथा पाठवली आणि ती पहिली आली, हा इतिहास बहुतेकांना ठाऊक आहे. परंतु त्या परंपरेतला नायक बहुधा कागद-पेन्सिल घेऊन बसलेला शास्त्रज्ञ असतो. त्याच्या कोपराला आणि गुडघ्याला सांधे बसवून त्याला विकणार कोण? तेव्हा खेळणी बाहेरूनच आली. दूरदर्शनवर ही-मॅन लागू लागला, त्या सुमारास लिओ कंपनीने मॅटेलच्या सहकार्याने त्याच्या मूर्ती भारतात काढल्या. १९८७ मध्ये एमआरएफ आणि हास्ब्रो यांच्या भागीदारीतून फनस्कूल निघाली. गोव्यात तिचा कारखाना झाला आणि लेसर बंदुका घेतलेले जी. आय. जोचे शिपाई भारतात तयार होऊ लागले. अमेरिकेत वापरून झालेले साचे येथे येत. साचा तोच, पण दाणा इथला आणि रंग इथले. त्यामुळे तिकडे जो खलपुरुष निळा, तो इकडे कधी भलत्याच रंगात अवतरे. त्या काळी परदेशी संग्राहकांनी या भारतीय आवृत्त्यांना नाके मुरडली असतील. आज त्यांतलेच काही त्या हौसेने शोधतात.

साच्याचे अर्थशास्त्र मी या गृहस्थाकडून शिकलो. पोलादी साचा अतिशय महाग. त्यातून पडणारा प्रत्येक नग मात्र अगदी स्वस्त. साचा नवा बसवला की पहिले काही नग तपासणीसाठी काढतात. कुठे कडेला पापुद्रा सुटतो, कुठे पोकळी राहते. हे नग विकायचे नसतात. ते दळून त्यांचा पुन्हा दाणा करतात. संग्राहकांच्या जगात नेमके हेच दळायचे राहून गेलेले नग सर्वांत मौल्यवान ठरतात. कारखान्याचा कचरा तिथे रत्न होतो.

याचे सर्वांत प्रसिद्ध उदाहरण बोबा फेट या पात्राचे. १९७७ मध्ये स्टार वॉर्स हा चित्रपट आला तेव्हा केनर या कंपनीकडे खेळणी तयार नव्हती. त्या नाताळात तिने चक्क रिकामे पाकीट विकले. आत एक प्रमाणपत्र, ते टपालाने धाडले की पुढच्या वर्षी चार मूर्ती घरपोच. पावणेचार इंचांच्या त्या मूर्ती १९७८ मध्ये आल्या आणि खेळण्यांचा धंदाच पालटला. पुढे १९७९ मध्ये बोबा फेटची जाहिरात झाली, ती त्याच्या पाठीवरून खरोखर उडणाऱ्या अग्निबाणासह. दरम्यान दुसऱ्या एका कंपनीच्या खेळण्यातला असाच सुटणारा बाण घशात अडकून एक लहान मुलगा दगावला. केनरने अग्निबाण उडणारे नमुने बाजारात आणलेच नाहीत. बाण पक्का चिकटवून मूर्ती पाठवल्या. त्या न आणलेल्या नमुन्यांपैकी जे थोडे कारखान्याबाहेर पडले, त्यांतल्या एकाला २०२४ मध्ये अमेरिकेतील लिलावात ५ लाख २५ हजार डॉलर मिळाले.

मी हा आकडा ऐकला आणि पहिल्यांदा हसलो. मग मात्र अस्वस्थ झालो. या वस्तूचे मोल कशाने आले? ती सुंदर आहे म्हणून नव्हे. तिच्यासारख्या दिसणाऱ्या हजारो मूर्ती मुलांच्या हातांत होत्या. ती धोकादायक म्हणून मुलांपासून दूर ठेवली गेली, म्हणून ती दुर्मिळ, आणि दुर्मिळ म्हणून मौल्यवान. खेळणे ज्याच्यासाठी असते त्याच्यापर्यंत ते न पोचणे, हाच त्याच्या किमतीचा पाया.

ॲरिस्टॉटलने प्रत्येक वस्तूचे दोन उपयोग सांगितले. चप्पल पायात घालता येते आणि तिच्या बदल्यात दुसरे काही घेताही येते. दोन्ही चपलेचेच उपयोग, पण पहिला तिला साजेसा, दुसरा तसा नव्हे. त्याच्या विवेचनात दोन्ही उपयोग एकमेकांच्या आड येत नाहीत. मोडकी चप्पल कुणी घेत नाही, चांगली घेतात. संग्रहातल्या खेळण्यात मात्र ते परस्परांचे वैरी होतात. पुठ्ठ्यावरचा प्लास्टिकचा फुगवटा न उघडलेला असेल, तर किंमत एक. मुलाने उघडला की ती कोसळते. अमेरिकेत तर अशा संस्था आहेत की ज्या पुठ्ठ्याची दुमड, फुगवट्याचा पिवळेपणा तपासून शंभरपैकी गुण देतात आणि वस्तू पारदर्शक पेटीत कायमची बंद करून टाकतात. परीक्षेत गुण मिळवायचे तर खेळायला जाऊ नये, हे आपण मुलांना सांगत आलो. आता खेळण्यांनाही तेच लागू झाले.

पण येथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. बंद पाकिटातली मूर्ती आज दुर्मिळ का? कारण बाकीच्या हजारो पाकिटे फोडून मुलांनी खेळल्या, त्यांचे हात मोडले, बंदुका हरवल्या, कुणी त्या अंगणात पुरल्या, कुणाच्या भंगारात गेल्या. साऱ्यांनीच पाकिटे जपून ठेवली असती तर आज त्यांना रद्दीचा भाव आला असता. जपून ठेवणाऱ्याची संपत्ती मोडणाऱ्यांनी निर्माण केली आहे. संग्राहक मोडक्या खेळण्याकडे तुच्छतेने पाहतो, तेव्हा तो आपल्या धनकोलाच दारातून हाकलत असतो, असे मला वाटते.

आपल्याकडे दिवाळीचा किल्ला घ्या. मातीचे मावळे, तोफा, सिंहासनावरचे महाराज हे आपले मराठी मुलांचे ॲक्शन फिगरच. कुंभारवाड्यातून आणायचे, चार दिवस मांडायचे, एखाद्याचे मुंडके उडाले तर तो लढाईत पडला असे ठरवायचे. पुढच्या वर्षी नवे. त्यांचा कुणी बाजार मांडला नाही. म्हणून आपण अमेरिकनांपेक्षा थोर, असे म्हणायचा मोह होतो. पण तो टाळलेला बरा. माती स्वस्त होती आणि भिजली की विरघळत होती, एवढेच ते वैराग्य. महाराजांची मूर्ती घडीव, रंगीत आणि मर्यादित संख्येत निघू लागली, की आपणही तिच्यासाठी कपाटे करतो.

आता ज्या प्रसंगावरून हे सारे सुचले, तो सांगतो. हे आमचे संग्राहक एकदा सिल्वासातल्या एका भंगाराच्या दुकानात गेले होते. तेथे रद्दीच्या पोत्यात त्यांना फनस्कूलची एक मूर्ती सापडली, पुठ्ठ्यासकट, न उघडलेली. भंगारवाल्याने वीस रुपये मागितले, यांनी दिले. ती वस्तू त्याच्या शंभर पटींना सहज जाईल, हे यांना ठाऊक होते, त्याला नव्हते. एवढ्यावर हा विषय थांबला असता तर तो जुनाच होता. रोमच्या सिसरोने दोन हजार वर्षांपूर्वी ऱ्होड्स बेटावरच्या धान्यव्यापाऱ्याचे उदाहरण घेऊन विचारले होते, की मागून धान्याची आणखी जहाजे येत आहेत हे विक्रेत्याने दुष्काळातल्या गिऱ्हाइकांना सांगावे की नाही. सांगावे, असा त्याचा कौल. भंगारवाल्याच्या बाबतीत मी तितका कडक नाही. दुसऱ्याला ठाऊक नसलेले मोल ओळखणे हाच त्याचाही धंदा आहे. तांब्याच्या तारेचा भाव तोही घरोघरी सांगत फिरत नाही.

पण दुकानात त्याचा सहा-सात वर्षांचा मुलगा बसला होता आणि त्याच्या हातात तशीच दुसरी मूर्ती होती, एक हात मोडलेली, रंग उडालेला. हिचा रंग असा होता की जो यांच्या संग्रहात नव्हता. यांनी नुसते कौतुकाने पाहिले. बापाने ते पाहणे हेरले, मुलाच्या हातातून मूर्ती काढली आणि पुढे केली. पन्नास रुपये. पहिल्या वेळी वीस आणि या वेळी पन्नास, म्हणजे बापाचे शिक्षण भराभर होत होते. यांनी पैसे दिले. मुलगा रडला नाही. तो मागे जाऊन पोत्यावर बसला. मला हे सांगताना ते म्हणाले, “साहेब, जबरदस्ती तर कुणी केली नाही ना? तुमच्या भाषेत सगळे राजीखुशीनेच झाले.”

माझ्या भाषेत हा व्यवहार निर्दोष होता, हेच मला खटकले. घेणारा राजी, विकणारा राजी, सक्ती नाही. दस्त नोंदवायला आला असता तर मी शिक्का मारला असता. परंतु जमिनीच्या व्यवहारातही आम्ही एक गोष्ट पाहत असू. सातबाऱ्यावर नाव बापाचे, पण कसतो कोण? कुळाचा हक्क नाव नसतानाही असू शकतो, हे महाराष्ट्राने कायद्याने मान्य केले आहे. त्या मूर्तीचा मालक बाप खरा. पण तिची कसणूक मुलाची होती. ती मोडकी असूनही त्याच्या हातात जिवंत होती. पन्नास रुपये बापाला मिळाले. मुलाचे जे गेले त्याचा हिशेब कुठल्याच रकान्यात आला नाही. प्रत्येक खेळण्याच्या व्यवहारात असा एक तिसरा पक्ष असतो, जो सही करत नाही. केनरच्या रिकाम्या पाकिटाचे पैसे आईबापांनी दिले, वाट मुलांनी पाहिली. अग्निबाणाच्या सुरक्षेचा निर्णय कंपनीने घेतला, पण तो घेण्याची वेळ आली ती एका मुलामुळे. त्याच निर्णयाने आज दुसऱ्याच कुणाला लक्षाधीश केले.

यावर त्यांचे उत्तर होते आणि ते मी हलके लेखत नाही. ते म्हणाले, “मी त्या वयाचा होतो तेव्हा आमच्या घरी असले खेळणे येणे शक्यच नव्हते. वडील गिरणी बंद पडल्यावर घरी बसलेले. दुकानाच्या काचेला नाक लावून मी ही पाकिटे पाहिली आहेत. आता घेतो तो मीच ना, तोच मुलगा?” म्हणजे तिसरा पक्ष त्यांच्या बाजूलाही उभा होता, तीस-पस्तीस वर्षे उशिरा आलेला. त्याचा हक्क मी नाकारू शकत नाही. पण एका मुलाची भरपाई दुसऱ्या मुलाच्या हातातून करता येत नाही, एवढे मी त्यांना सांगितले. पुढच्या रविवारी ते नवे खेळणे घेऊन त्या दुकानात गेले. मुलाने ते घेतले आणि जुन्याची चौकशी केली.

संग्रह करणे हीच मुळात चूक, असा निष्कर्ष यातून काढू नये. पुण्याच्या दिनकर केळकरांनी वाड्यांतून टाकून दिलेले अडकित्ते, दिवे, दौती आयुष्यभर गोळा केल्या नसत्या तर मराठी घराचा केवढा तरी इतिहास मोडीत गेला असता. सात वर्षांचा असताना गेलेल्या आपल्या मुलाच्या, राजाच्या नावाने त्यांनी तो संग्रह उभा केला आणि वीस हजारांहून अधिक वस्तू पुढे शासनाच्या स्वाधीन केल्या. प्लास्टिकची मूर्ती अडकित्त्याच्या पंक्तीला कशी बसवावी, असे कुणी विचारील. बसवता येईल, उदारीकरणाच्या आगेमागे वाढलेल्या पिढीने कशाची स्वप्ने पाहिली, याचा त्याहून बोलका पुरावा मला माहीत नाही. मात्र तेथे लेबलावर किंमत नसावी.

आमच्या संग्राहकांच्या मनात अलीकडे असेच काहीसे आहे. सिल्वासात एखादी खोली घ्यावी, कपाटे लावावीत, सुटीच्या दिवशी कामगारांच्या मुलांसाठी ती उघडावी. मी विचारले, मुलांनी नुसते पाहायचे की हाताळायचेही? बराच विचार करून ते म्हणाले की, काचेबाहेर एका पेटीत चार-दोन मोडकी ठेवू, त्यांच्याशी खुशाल खेळू द्या. ती एक हात नसलेली मूर्ती त्या पेटीत जाणार की कपाटात, हे अजून ठरलेले नाही. तिच्यासारखा रंग त्यांना दुसरीकडे कुठे मिळालेला नाही.