जुन्या गावात जाऊन बोलायचं आहे

हे मनन सावकाश वाचा. घाईत असाल तर बाजूला ठेवा, रात्रीची कामं आटोपल्यावर घ्या. वाचताना शाळेत तुमच्या शेजारी बसलेले दोन-तीन मित्र मनात असू द्या. ज्यांच्याशी तुम्ही सगळं बोलता, फक्त एक गोष्ट सोडून, असे.

आता मनानं लातूर जिल्ह्यात या. औसा तालुक्यात, किल्लारीच्या आसपास. गावाचं नाव ठरवू नका. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे तीन वाजून छप्पन्न मिनिटांनी इथली जमीन हलली आणि सुमारे दहा हजार माणसं गेली. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. विसर्जन करून, गुलाल धुऊन लोक उशिरा झोपले होते. पुढं बावन्न गावं उठवून दुसरीकडे वसवली. म्हणून या भागातल्या माणसाला दोन गावं असतात, एक राहायचं आणि एक जुनं. जुन्या गावात कुणी राहत नाही. दगडांचे ढीग आहेत, त्यांतून बाभळी उगवल्या आहेत, आणि कुठं कुणाचा उंबरा होता हे तिथं वाढलेल्यालाच सांगता येतं.

त्या वाटेनं चला. बरोबर तिघे जण आहेत असं समजा. पंचेचाळिशीच्या आसपासचे, लहानपणापासूनचे मित्र. हे माझ्या कल्पनेतले आहेत, पण असे तिघे त्या पट्ट्यात नसतील असं मला वाटत नाही. त्या रात्री ते बारा-तेरा वर्षांचे होते. मिरवणुकीनंतर देवळासमोरच्या मोकळ्या जागेत पटकुरं टाकून झोपायचं ठरलं होतं. चौथाही आपली गोधडी घेऊन आला. संध्याकाळी लेझमावरून काहीतरी वाजलं होतं. तिघांपैकी एकजण म्हणाला, ‘तू नको इथं, जा घरी.’ बाकीचे दोघे हसले. चौथा गोधडी काखेत मारून घरी गेला आणि आईजवळ झोपला.

इथं थांबा. पुढचं तुम्हाला कळलं आहे, तरी लगेच पुढं जाऊ नका. श्वास कुठं अडकतो ते पाहा. घशात, छातीत, पोटात. तुमचीही अशी एखादी गोष्ट असेल तर ती आता आपोआप वर येऊ लागेल. येऊ द्या. तिला अजून नाव देऊ नका.

आता त्या चौथ्याच्या घराकडं मोठ्या माणसाच्या डोळ्यांनी बघा. माळवदाचं घर. दोन-अडीच फूट जाड दगडी भिंती, दगड मातीत बसवलेले, सिमेंट नाही. वर लाकडी तुळया, त्यांवर फळ्या, आणि फळ्यांवर मातीचा जाड थर. पावसाळ्याआधी गळू नये म्हणून दरवर्षी थोडी माती आणखी टाकायची. उन्हाळ्यात असं घर गार राहतं, थंडीत ऊब देतं. पिढ्यान्‌पिढ्या माणसं त्यात सुखानं झोपली. ती पहाट आली तेव्हा त्या भिंती बाहेरच्या बाजूला आणि आतल्या बाजूला फुटल्या आणि वरची माती खाली आली. आदल्या वर्षी, १९९२ मध्ये, या भागात धक्के बसले होते. माणसं घाबरली, मग हळूहळू सवय झाली. तेव्हाच्या सरकारी नकाशात हा भाग भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पहिल्या विभागात मोडत होता. ज्यांचं कामच जमीन ओळखण्याचं, त्यांनाही ही जमीन ओळखता आली नव्हती.

हे सगळं त्या तिघांना आता माहीत आहे. एकाला तर भिंतीत सळई कुठं आणि किती घालायची हेही कळतं, कारण तो बांधकामावर मुकादम आहे. तरीसुद्धा बारा वर्षांच्या मुलानं त्या दिवशी केलेला हिशेब बदललेला नाही. तो हिशेब फार सरळ होता. आम्ही घरी पाठवलं, म्हणून तो गेला. कुणी विचारलंच नाही, त्यामुळे कुणी दुरुस्तही केला नाही. तेव्हा विचारणार कोण? पाऊस लागला होता. पडलेल्या घरांच्याच तुळया आणि दारं काढून सरणं रचली जात होती. नंतर पत्र्याची शेडं, मग कुणी मामाकडं, कुणी पुण्याला. बोलायची वेळ गेली ती गेलीच.

एक श्वास सावकाश घ्या, सावकाश सोडा, आणि एक प्रश्न धरून बसा. हे गुपित नेमकं कुणाचं आहे?

तिघांना वाटतं, आपलं. त्यातही प्रत्येकाला वाटतं की बाकीचे दोघे विसरले असतील. लग्नात भेटतात, सोयाबीनचे भाव काढतात, पोरांची अ‍ॅडमिशन काढतात, आणि देवळासमोरची ती जागा आली की विषय बदलतो. पण आता चौथ्याच्या आईजवळ जा. ढिगाऱ्यातून ती वाचली असं धरा. मुलगा बाहेर झोपायला गेला होता आणि परत आला, एवढंच तिला ठाऊक आहे. का आला? रात्री निघताना ती त्याला रागावली होती का? ‘थंडी वाजंल, घरीच नीज’ असं म्हणाली होती का? तिला नीट आठवत नाही, आणि म्हणूनच तिनं सगळा दोष स्वतःकडं घेतला आहे. तीस वर्षांहून जास्त काळ ती तो वागवते आहे.

इथं बराच वेळ बसा. मला या साऱ्या गोष्टीत हीच जागा सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण गप्प राहतो तेव्हा आपलं ओझं फक्त आपणच वाहतो असं आपण धरून चालतो. पण जी माहिती आपल्यापाशी अडली, तिच्या जागी दुसऱ्या कुणीतरी स्वतःला उभं केलेलं असू शकतं. तिघांनी मिळून एका म्हातारीला चुकीच्या अपराधाखाली ठेवलं आहे, आणि ते त्यांच्या गावीही नाही.

मग काय करायचं? आधी तिघांनी एकत्र यायचं. हॉटेलात नको, जुन्या गावातच. ‘जा घरी’ कुणी म्हटलं हे उकरायचं नाही. तिघेही तिथं होते, एवढं पुरे. मग आईकडं जायचं. तिला ‘मावशी’ म्हणत आला असाल तर तसंच म्हणा. जे झालं ते तेवढंच सांगा, कमी नाही आणि रडून वाढवूनही नाही. माफी मागा, पण ती मिळालीच पाहिजे असं धरून जाऊ नका. ती चिडेल, उठून आत जाईल, किंवा चहा ठेवेल आणि काहीच बोलणार नाही. तुमचं मन हलकं करणं हे तिचं काम नाही. तुम्ही बसून राहा. ती विचारील त्याचं उत्तर द्या. भिंतीचं आणि मातीचंही सांगा, पण शेवटी. आधी सांगितलंत तर ती सबब वाटेल.

आता तुमच्या स्वतःच्या गोष्टीकडं या. तुमचं गाव वेगळं असेल. विहीर असेल, चोरी असेल, शाळेत कुणावर तरी आलेला आळ असेल आणि तुम्हाला खरं माहीत असेल. तुमच्या गप्प राहण्याच्या जागी कोण उभं आहे, त्याचा चेहरा आठवा.

१९९३ साली तिशीत असलेल्या त्या आया आज साठी ओलांडून गेल्या आहेत. पुढच्या दिवाळीला जाऊ असं म्हणू नका. याच आठवड्यात मित्राला फोन लावा.