यंत्र सोडवण्याची विद्या

व्हेंटिलेटर लावताना घरच्यांच्या पोटात गोळा येतो, आणि काढायचा म्हटलं की त्याहून मोठा. रेस्पिरेटरी थेरपिस्टचं कसब खरं पाहायचं असेल, तर ते या दुसऱ्या वेळी.

आपण श्वास घेतो तेव्हा श्वासपटल खाली सरकतं आणि हवा आत ओढली जाते. यंत्र तीच हवा दाबाने ढकलतं. हा दाब जास्त झाला तर आजारी फुप्फुस आणखी बिघडतं. त्यातच श्वासपटल हा स्नायू. काम हिरावलं की दोन-तीन दिवसांतच तो रोडावू लागतो. ज्या यंत्राने जीव तगला, तेच स्वतःहून श्वास घेण्याची ताकद हळूहळू काढून घेतं.

म्हणून रोज सकाळी कुणीतरी विचारायला हवं, हा माणूस आज आपला आपण श्वास घेईल का? त्यासाठी यंत्राचा आधार अगदी कमी करून अर्धा ते दोन तास पाहायचं. मिनिटातल्या श्वासांना एका श्वासातल्या हवेच्या लिटरांनी भागतात. २४ श्वास, प्रत्येकी ४०० मिलिलिटर, तर उत्तर ६०, आशा धरावी. ३५ श्वास, २५० मिलिलिटर, तर १४०, थांबावं. सीमारेषा साधारण १०५ची. पण नुसत्या आकड्यावर घशातली श्वासाची नळी काढत नाहीत. मानेचे स्नायू ताणले जातात का, घाम फुटतो का, खोकून कफ बाहेर टाकण्याइतका जोर आहे का, हे खाटेशी उभं राहूनच कळतं.

१९९६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात ही रोजची तपासणी थेरपिस्ट आणि नर्स यांच्याकडे सोपवली होती. पेशंट उत्तीर्ण झाला की डॉक्टरांना कळवायचं, एवढंच. व्हेंटिलेटरवरचा मध्यक काळ सहा दिवसांवरून साडेचारवर आला. डॉक्टर कमी पडत होते असं मला वाटत नाही. ‘आणखी एक दिवस राहू दे’ म्हणणं सुरक्षित वाटतं, आणि त्या एका दिवसाची किंमत लगेच दिसत नाही.

कोविडमध्ये आपल्याकडे यंत्रं पोहोचली, ती चालवणारे हात मात्र अपुरे पडले. २०२१च्या केंद्रीय कायद्याने संलग्न आरोग्य व्यवसायांच्या यादीत श्वसन-तंत्रज्ञही घेतले. तरी कित्येक लहान आयसीयूंत हे काम भूलतज्ज्ञ किंवा जुन्या सिस्टर इतर व्याप सांभाळून करतात, आणि सकाळची चाचणी मोठे डॉक्टर राउंडला येईपर्यंत खोळंबते.