न वाजवण्याचे पैसे

मी कॉमर्सचा पदवीधर आणि बँकेतला कारकून. जगातली प्रत्येक गोष्ट एकतर नावे असते नाहीतर जमा, अशी माझी श्रद्धा आहे. (देवाबद्दल इतकी खात्री देता येणार नाही.) पण तीनशे रुपयांची एक नोंद गेली कित्येक वर्षं कुठल्याच बाजूला बसत नाही. ती पहूरच्या बँडवाल्यांची आहे.

पहूर म्हणजे जळगावहून अजिंठ्याला जाताना लागतं ते. 2020 पर्यंत इथून पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे धावायची. 'धावायची' हे आपलं व्याकरणापुरतं. 2006 साली माझ्या लग्नाचे निम्मे पाहुणे तिनेच आले. बँड मात्र गावातलाच होता. अकरा माणसं, लाल डगले, खांद्यावर सोनेरी झालरी आणि पायात स्लिपर. डगला मूळचा पलटणीचा. नादिर अली नावाच्या फौजेतल्या बँडमास्तरांनी 1885 मध्ये मेरठला कंपनी काढली, आणि तिथली पितळी वाद्यं देशभर गेली. इंग्रज गेले, राजेरजवाडे गेले, डगला मात्र राहिला आणि नवरदेवापुढे चालू लागला. कवायतीच्या चाली जाऊन सिनेमाची गाणी आली. पुढे चालतो तो पुढारी म्हणतात. पण पंगतीत सर्वांत शेवटी बसणारा पुढारी मी एकच पाहिला, तो बँडवाला. त्याच्यापर्यंत वरण पोचतं, बट्टी संपलेली असते.

तर वरात पेठेतून निघाली. मामेभाऊ धुळीत लोळून नाचत होते. एवढ्यात मास्तरांनी हात वर केला आणि सगळं एकदम थांबलं.

"मयत आहे भो पुढे," मास्तर म्हणाले.

एका दारात दिवा होता, ओट्यावर चार माणसं बसली होती. बँडवाल्यांनी टोप्या काढल्या, वाद्यं बगलेत मारली आणि मान खाली घालून चालू लागले. नाचणारेही गप्प झाले. गल्ली संपेपर्यंत ऐकू आला तो फक्त स्लिपरांचा आवाज आणि माझ्या घोड्याच्या टापा.

दुसऱ्या दिवशी हिशेबाला बसलेल्या आप्पामामांनी तीनशे रुपये कापले. "दहा मिनिटं वाजवलंच नाही तुम्ही!" मास्तरांनी नोटा मोजल्या, घडी केली, "बरं आप्पा" म्हणाले आणि गेले. मी तिथेच उभा होतो. मामांचा त्रैराशिक हिशेब मनात करून पाहिला, तो बरोबर होता. म्हणून मी काही बोललो नाही.

आता तुम्हीच सांगा, न वाजवण्याचे पैसे द्यायचे का? आमच्या शाखेबाहेरच्या वॉचमनला आम्ही चोरी न होण्याचाच पगार देतो. विम्याचा हप्ता न मरण्याबद्दल भरतो. (आणि काहीच न करण्याचा पगार म्हणाल तर... असो, सहकारी हे वाचतील.) मग बँडवाल्यालाच तेवढा मीटर का?

2019 मध्ये माझे वडील गेले. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी एक वरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी आली. आईने कानावर हात ठेवले. आणि बँड थांबला. मी ओट्यावर बसून स्लिपरांचा आवाज ऐकत होतो. या वेळी कापणारा मामा कोण होता, कोण जाणे.

अलीकडे मास्तर आमच्या शाखेत आले. डीजेमुळे लग्नं निम्म्यावर आली होती, क्लॅरिनेट जुनी झाली होती, कर्ज हवं होतं. 2023 ची विश्वकर्मा योजना मी उघडून पाहिली. तिच्यात अठरा धंदे आहेत: शिंपी, न्हावी, सोनार, हार करणारा. लग्नाला लागणारे बहुतेक सगळे आहेत, वाजवणारा तेवढा नाही. मग मुद्राचा अर्ज भरला. सही घेताना मी खिशातून तीनशे रुपये काढून पुढे ठेवले.

"हे कशाचे, साहेब?"

मी वरातीची गोष्ट सांगितली. मास्तरांनी पुष्कळ आठवून पाहिलं.

"ते कुठलं लग्न हो? आम्ही तर सगळीकडेच थांबतो."

नोटा तिथेच ठेवून ते गेले. मागून रांग ओरडत होती. त्या संध्याकाळी माझी कॅश जुळेना. तीनशे जास्त येत होते.