पाळीतली माणसं आणि आपलं माणूस

टाकून दिलेल्या तान्ह्या मुलाबद्दल हमखास ऐकू येतं : ‘लहान आहे, विसरून जाईल.’ बोलणाऱ्याच्या मनात दयाच असते, म्हणून ते अधिक सलतं. पहिल्या वर्षातलं मोठेपणी आठवत नाही, हे खरं. पण प्रसंग आठवणं वेगळं आणि रडल्यावर कुणी येतं की नाही याचा अंदाज बांधणं वेगळं. तो अंदाज मूल बोलू लागण्याच्या कितीतरी आधी बांधतं आणि पुढे माणसांवर विसंबायचं की नाही, हे त्यावरून ठरवत जातं. हे रुमानियात पडताळून पाहता आलं. तिथे हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली. १९८९ मध्ये राजवट कोसळली तेव्हा तिथल्या संस्था टाकून दिलेल्या मुलांनी भरल्या होत्या. पुढे संशोधक चार्ल्स नेल्सन, नेथन फॉक्स आणि चार्ल्स झीना यांनी बुखारेस्टच्या संस्थांतल्या १३६ मुलांपैकी निम्मी, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी निवडून, प्रतिपालक कुटुंबांकडे सोपवली. साडेचार वर्षांच्या वयात त्यांचा सरासरी बुद्ध्यंक ८१ भरला, उरलेल्या गटाचा ७३. चिंता-नैराश्याचे विकार जवळपास निम्म्याने कमी आढळले. अतिचंचलता मात्र हटली नाही. घर मिळालं म्हणजे सगळं भरून निघतं, असं म्हणण्याची सोय या अभ्यासाने ठेवलेली नाही. पण वयाच्या दोन वर्षांच्या आत घर मिळालेल्यांना जीव लावणं अधिक जमलं.

विसरण्याच्या युक्तिवादाला एवढं उत्तर पुरे. दुसरा आक्षेप अधिक प्रामाणिक आहे : तात्पुरत्या माणसाचा लळा लागला, तर दत्तक जाताना मूल पुन्हा पोरकं होईल, मग लळा लावायचाच कशाला? ताटातूट दुखते, यात वाद नाही. पण एकदा कुणावर विसंबलेलं मूल दुसऱ्यावर विसंबू शकतं. कुणावरच न विसंबलेल्याला ते मुळापासून शिकावं लागतं. असा विचार करत गेलं, की ‘संस्था वाईट, कुटुंब चांगलं’ ही सोपी विभागणीही डळमळते. वारंवार बदलणारी कुटुंबं म्हणजे संस्थेत सांभाळणाऱ्यांच्या बदलत्या पाळ्याच की! आपल्याकडे कायद्याने दोन वर्षांखालच्या सोडून दिलेल्या मुलाला दोन महिन्यांत दत्तकासाठी मोकळं ठरवायचं असतं. प्रत्यक्ष घर मिळेपर्यंतचा काळ शिशुगृहातच जातो, आणि तो वाट पाहण्याचा काळ म्हणून वाया घालवता येत नाही. प्रत्येक बाळामागे सांभाळणारी एक ठरावीक ताई हवी : भरवणं, आंघोळ, झोपवणं शक्यतो तिच्याच हातून. दत्तक पालक आले, की तिनेच काही दिवस त्यांच्यासोबत बसून बाळ हळूहळू त्यांच्या हाती द्यावं. यासाठी ताया वाढवाव्या लागतील आणि वर्षानुवर्षं टिकतील इतका पगार त्यांना द्यावा लागेल.