व्यापारातून येणारी शांतता

राष्ट्रांनी एकमेकांशी व्यापार केला, तर त्यांच्यातले वैर ओसरते, हा विचार युरोपीय तत्त्वज्ञानात अठराव्या शतकात ठळक झाला. व्यापाराची स्वाभाविक परिणती शांततेत होते, असे फ्रेंच विचारवंत माँतेस्क्यूने १७४८ साली लिहिले. मात्र व्यापार राष्ट्रांना जोडतो तसा माणसांना जोडत नाही, असेही त्याने बजावले. व्यापारी वृत्ती आणि युद्ध फार काळ एकत्र नांदू शकत नाहीत, असे जर्मन तत्त्वज्ञ कांटने १७९५ साली मांडले. त्याच्याच नीतिशास्त्रात मात्र निव्वळ लाभासाठी केलेल्या कृतीला नैतिक मोल नाही. मग लाभावर उभी राहिलेली शांतता कितपत खरी?

पश्चिम आशियासाठी केलेल्या एका अमेरिकी कायद्याने या प्रश्नाची कसोटी पाहिली. इस्राएल आणि जॉर्डन यांच्यात १९९४ साली शांतता करार झाला. १९९६ साली अमेरिकी काँग्रेसने इस्राएलशी असलेल्या मुक्त व्यापाराची सवलत जॉर्डन आणि इजिप्तमधील ठरावीक औद्योगिक क्षेत्रांपर्यंत वाढवण्याची वाट मोकळी केली. मालाच्या किमतीत किमान ३५ टक्के वाटा या सवलतीस पात्र प्रदेशांचा असावा, अशी अट होती. जॉर्डनच्या बाबतीत त्यात इस्राएलचा वाटा साधारणपणे ८ टक्के ठरला. अट पाळली की माल अमेरिकेत जकातीशिवाय जाई. जॉर्डनमध्ये याची सुरुवात इर्बिदपासून झाली. इजिप्तने याच व्यवस्थेसाठी २००४ साली करार केला.

निर्यात झपाट्याने वाढली, विशेषतः तयार कपड्यांची. पण जॉर्डनच्या कारखान्यांतील बरेचसे कामगार दक्षिण आशियातून आलेले होते आणि २००६ साली त्यांच्या शोषणाच्या तक्रारी जगापुढे आल्या. जॉर्डन आणि अमेरिका यांच्यातील स्वतंत्र मुक्त व्यापार करारामुळे इस्राएली वाट्याची गरज उरली नाही, तेव्हा निर्यातदार त्या कराराकडे वळले. असा करार नसलेल्या इजिप्तमध्ये जुनी व्यवस्था टिकून राहिली.

सवलतीने भागीदारी घडवता येते, सद्भाव नव्हे, हे यातून दिसते. तरीही अशी शांतता तुच्छ नाही. युद्ध टाळण्यासाठी राष्ट्रे सज्जन असावी लागत नाहीत, त्यांना आपले हित कळले तरी पुरते, हे कांटलाही मान्य होते. हितामुळे टळलेले युद्ध माणसांचे प्राण वाचवतेच. पण त्या शांततेचे मोल परक्या मजुरांच्या कष्टातून वसूल होत असेल, तर ती न्याय्य ठरत नाही. म्हणून अशा कायद्याची पारख करताना निर्यातीच्या आकड्यांइतकेच लाभ कोणाला मिळतो आणि भार कोणावर पडतो, हे पाहणे आवश्यक आहे.