रायफल कुणासाठी घेतोयस?

समोर बस. फोन खाली ठेव. ती पितळी रायफल मी पाहिली आहे, पुन्हा दाखवायची गरज नाही.

टोपी घेतलीस, बूट घेतलेस, कमरेचा पट्टा शिवायला टाकलास, खेळातलं टोपणनावसुद्धा ठरवून बसलास. नियमांची पुस्तिका वाचलीस का? नाही वाचलीस. ती फुकट मिळते आणि एका संध्याकाळी वाचून होते. ती न वाचता तू मला सांगतोस की बाई, .२२ ची गोल्डन बॉय घेतो, गोळ्या स्वस्त पडतील, खांद्याला धक्का बसणार नाही, मी आणि मुलगी दोघं मिळून तीच वापरू आणि विंटर रेंजच्या स्पर्धेत उतरू. ऑफिसात एखादं सॉफ्टवेअर घ्यायचं तर समोरच्याला प्रश्न विचारून विचारून भंडावून सोडतोस ना? मग हत्यार घेताना एकही प्रश्न सुचला नाही तुला? आणि तेही लेकीच्या हातात द्यायचं हत्यार!

ऐक आता. ज्या स्पर्धेची स्वप्नं बघतोयस ती सिंगल अ‍ॅक्शन शूटिंग सोसायटीची. ही संस्था १९८७ साली कॅलिफोर्नियात सुरू झाली. तिच्या मुख्य स्पर्धेत प्रत्येकाला चार हत्यारं लागतात: दोन सिंगल अ‍ॅक्शन रिव्हॉल्व्हर, एक शॉटगन आणि पिस्तुलाचं काडतूस चालवणारी एक रायफल, लिव्हरची किंवा पंपाची. त्या रायफलीचा घोडा बाहेर दिसणारा हवा आणि मॅगझिन नळकांड्याचं हवं. काडतूस सेंटरफायर हवं आणि .४५ पेक्षा मोठं नको. तू चाळिशीचा बाप्या आहेस. .२२ घेऊन गोळीबाराच्या रेषेवर तुला कुणी उभं करणार नाही. .२२ ची मुभा बकारू गटाला आहे, म्हणजे तेरा वर्षांच्या आणि त्याहून लहान मुलांना. तुझी लेक अकराची. याचा अर्थ कळला का? ही रायफल तुझी नाहीच. ती तिची आहे. आणि निवडताना तू तिला एकदाही विचारलं नाहीस, तिच्या हाताची लांबी पाहिली नाहीस, तिच्या खांद्याला काही लावून पाहिलं नाहीस. मला राग आलाय तो याचा.

वर मला इतिहास ऐकवतोस, की .२२ सारखीच जुनी लिव्हर रायफलही रिमफायरच होती. होती. बेंजामिन टायलर हेन्रीला १८६० साली जिचं पेटंट मिळालं ती रायफल .४४ रिमफायरचीच होती. पेट घेणारं मिश्रण काडतुसाच्या बुडाच्या मध्यावर नव्हतं, कडेच्या घडीत होतं. तिच्या मागून आलेली १८६६ ची पितळी विंचेस्टर, लोक जिला यलो बॉय म्हणत, तीसुद्धा त्याच काडतुसावर चालायची. पण ती कडेची घडी पातळच ठेवावी लागते, नाहीतर घोड्याच्या घावाने ती चेपत नाही, आणि पातळ पत्रा फार दाब सोसत नाही. म्हणून १८७३ मध्ये विंचेस्टरने .४४-४० हे सेंटरफायर काडतूस आणलं आणि मोठ्या रायफली त्या वाटेने गेल्या. आज इटलीत बनणाऱ्या हेन्रीच्या प्रतिकृतीसुद्धा .४४-४० मध्ये नाहीतर .४५ कोल्टमध्ये येतात. आणि तुझी गोल्डन बॉय? ती बनवणारी हेन्री नावाची कंपनी १९९० च्या दशकात ब्रुकलिनमध्ये उभी राहिली. जुन्या हेन्रीशी तिचं नातं नावापुरतं आहे. तो सोनेरी भागही १८६६ चं पितळ नाही, पितळेसारखा दिसणारा मिश्रधातू आहे. रायफल चांगली आहे, तिची लिव्हर लोण्यासारखी चालते, तिच्याशी माझं भांडण नाही. पण अस्सलपणाच्या नावाखाली जास्तीचे पैसे मोजू नकोस.

आता वजनाकडे ये. गोल्डन बॉय पावणेसात पौंडांची, म्हणजे तीन किलोंच्या थोडी वर. नळी वीस इंची, अष्टकोनी, सगळा भार पुढे. तीन किलो म्हणजे काय विशेष, असं तुला वाटतं, कारण तू ती दुकानात क्षणभर उचललीस. अकरा वर्षांच्या मुलीला ती लांब धरून, नेम धरून, दहा गोळ्या झाडायच्या आहेत आणि प्रत्येक गोळीनंतर लिव्हर चालवायची आहे. वजन पेलेनासं झालं की मूल कंबर पुढे काढतं, पाठ मागे टाकतं, कोपर बरगडीला टेकवतं. तेवढ्यानेही भागलं नाही की रायफल खांद्यावरून खाली उतरवतं आणि पोटाशी धरून लिव्हर ओढतं. त्या वेळी नळीचं तोंड कुठे असतं? समोर नसतं. ते बाजूला फिरतं, जिथे इतर माणसं उभी असतात. रेषेवर १७० अंशांचा नियम आहे. नळी त्याबाहेर गेली की ती फेरी बाद, आणि भरलेली रायफल कुणाच्या अंगावरून फिरली तर सगळ्या स्पर्धेतून बाहेर. बाद होणं जाऊ दे. त्या वयात सगळ्यांसमोर आपल्या हातून असं घडलं तर ती पोर पुन्हा रायफलीला हात लावणार नाही, आणि तो दोष तिचा नसेल.

दस्त्याची लांबीही तेवढीच महत्त्वाची. मोठ्या माणसाच्या मापाचा दस्ता असला की मुलाचा हात लिव्हरपर्यंत ताणून जातो, डोकं पुढे रेटलं जातं आणि साइट नीट दिसत नाही. म्हणून पहिली बघायची ती हेन्रीचीच मुलांसाठीची आखूड रायफल. साडेचार पौंड, दस्ता तेरा इंच, नळी सोळा इंचांच्या जराशी वर, मॅगझिनमध्ये .२२ लाँग रायफलची बारा काडतुसं. फेरीत रायफलीला साधारण दहा लागतात, म्हणजे ती पुरून उरते. दिसायला काळी आणि साधी आहे. असू दे.

ब्राऊनिंगची बीएल-२२ तुला कुणीतरी सुचवली, हेही माझ्या कानावर आलंय. १९६९ पासून जपानच्या मिरोकू कारखान्यात बनते, घडण सुरेख आहे. लिव्हर ३३ अंशच फिरते आणि चाप लिव्हरबरोबरच खाली जातो, त्यामुळे बोट चिमटायची भीती नाही. लहान हाताला ती फार सोपी जाते. तरीही मी ती दुसऱ्या क्रमांकावर ठेवते, आणि कारण सांगते. चौदा पूर्ण झाली की .२२ बंद. मग तिच्या हातात १८७३ च्या धाटणीची नाहीतर मार्लिन १८९४ सारखी सेंटरफायर रायफल येणार, जिची लिव्हर पुढे लांब ढकलावी लागते. तोवर तिच्या हाताला अर्ध्या फेऱ्याची सवय लागलेली असेल. लिव्हर अर्धवट ढकलली की काडतूस अडकतं, आणि घड्याळ चालू असताना अडकलेलं काडतूस काढणं मोठ्यांनाही जड जातं. पहिल्या दिवसापासून लिव्हर पुढे टेकेपर्यंत आणि मागे बसेपर्यंत चालवायची, हे हाताला शिकवायचं. हेन्री ते शिकवते. पण मुलीचा हात फारच लहान निघाला तर मी माझं मत बदलेन.

मार्लिन ३९-ए आणि विंचेस्टर ९४२२ माझ्या आवडत्या आहेत, ते तुला ठाऊक आहे. मार्लिनची परंपरा १८९१ पासूनची, ९४२२ बनली १९७२ ते २००५. दोन्हींना अस्सल पोलादाचं अंग. दोन्ही मधोमध सुट्या होतात, त्यामुळे नळी मागच्या बाजूने साफ करता येते. हेन्रीत सळई तोंडाकडून घालावी लागते आणि तोंडाची कड घासली तर नेम बिघडतो. म्हणून सळई जपून घालायची किंवा मागून ओढायची दोरी वापरायची. पण त्या दोन्ही रायफली सहा पौंडांच्या वर आहेत आणि संग्राहकांनी त्यांचे भाव चढवून ठेवलेत. लेकीसाठी नकोत.

.२२ मॅग्नम नको. जवळच्या लोखंडी पाट्यांवर त्या ताकदीचा काही उपयोग नाही, काडतूस महाग, आणि .२२ लाँग रायफल त्या चेंबरमध्ये घालून झाडायची नसते. दुर्बीणही नको, स्पर्धेत चालत नाही.

आता मुख्य गोष्ट, जी तू विचारलीच नाहीस. या रायफली भरायच्या कशा? सेंटरफायर रायफलीला बहुधा कुशीत खिडकी असते, तिथून काडतूस आत ढकलायचं. .२२ मध्ये नळीखालच्या नळकांड्यातली आतली नळी तोंडाच्या बाजूने वर ओढायची आणि बाहेरच्या नळीवरच्या भोकातून काडतुसं एकेक सोडायची. म्हणजे भरताना मुलीचा हात सतत नळीच्या तोंडाशी असणार. म्हणून लिव्हर उघडी, चेंबर रिकामं, ते डोळ्यांनी पाहिलेलं आणि बोटाने चाचपलेलं, एवढं झाल्याशिवाय आतल्या नळीला हात लावायचा नाही. रायफल तिरकी धरायची, तोंड अंगापासून लांब. काडतुसं सरकू द्यायची, आपटू द्यायची नाहीत. आणि रिकामी करताना आतली नळी काढून सगळी काडतुसं ओतली तरी एखादं आत अडकून राहू शकतं. लिव्हर पुन्हा पुन्हा चालवायची, मग पाहायचं, मग चाचपायचं. रेषेवर जाताना मॅगझिन भरलेलं, चेंबर रिकामं, घोडा खाली. भरलेल्या चेंबरवर अंगठ्याने घोडा उतरवायचा नाही. तिचा अंगठा घामेजला असेल, लहान असेल, निसटेल. हे तिला तू शिकवायचं नाहीस, कारण तुला अजून येत नाही. ते मी शिकवेन.

घरी बसून रिकामी रायफल कटाकट वाजवू नकोस. रिमफायरची पिन काडतूस नसताना चेंबरच्या कडेवर आदळते आणि कड ठेचली जाते. मग काडतूस नीट बसत नाही, निघत नाही. डमी काडतुसं घे. आणि घोडा पडूनही गोळी सुटली नाही तर नळी समोर धरून तीसपर्यंत मोजायचं. रिमफायर कधी कधी उशिरा पेटतं.

.२२ ला लहान मुलांचं खेळणं समजू नकोस. तेजस्विनी सावंतनं २०१० मध्ये म्युनिकला विश्वविजेतेपद मिळवलं ते .२२ वर. कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये कांस्यपदक घेऊन उभा राहिला तोही .२२ वर. मी एनसीसीत पहिली गोळी झाडली ती याच काडतुसाची. आणि ही गोळी मैलाहून लांब जाऊ शकते. लोखंडावर आपटून शिशाच्या ठिकऱ्या मागे येतात. म्हणून चष्मा, तुझा, तिचा आणि बघायला आलेल्या तिच्या आईचाही. टोपी आणलीस, चष्मा नाही आणलास.

तुला स्वतःला .२२ ची लिव्हर रायफल घेऊन नेमबाजी करायचीच असेल तर लिव्हर-अ‍ॅक्शन सिलुएटची स्पर्धा आहे. उभं राहून, आधार न घेता, कोंबडी, डुक्कर, टर्की आणि मेंढ्याच्या लोखंडी आकृत्या पाडायच्या. तिथे .२२ ला स्वतंत्र वर्ग आहे आणि तुझ्यासारख्या उतावळ्याला तो धडा हवाच आहे.

अजून एक. तुझा तो मित्र, जो तुझ्याबरोबर दुकानात येणार होता, तो एच-वन-बी वर आहे ना? तू ग्रीन कार्डवाला आहेस, तुझी गोष्ट वेगळी. त्या व्हिसावरच्या माणसाला अमेरिकेच्या केंद्रीय कायद्याने बंदूक बाळगता येत नाही. शिकारीच्या वैध परवान्यासारखे मोजके अपवाद आहेत. वकिलाला विचारल्याशिवाय त्याने हत्याराला हातही लावायचा नाही, तुझं हत्यार 'जरा धर' म्हणूनसुद्धा नाही. एका क्षणाच्या हौसेपायी त्याचं इथलं सगळं आयुष्य पणाला लागेल.

दुकानात अनामत दिली असशील तर आज परत माग. शनिवारी सकाळी, ऊन चढायच्या आत, मुलीला रेंजवर घेऊन ये. आखूड हेन्री आणि बीएल दोन्ही मी आणते, डमी काडतुसंही. रायफल खांद्यावरून न हलवता ती लिव्हर पूर्ण चालवते का, ते आपण बघू. तू मागे उभा राहशील आणि एक शब्द बोलणार नाहीस. हात थरथरले तर रायफल बाजूला ठेवू आणि वर्षभर थांबू, तेही चालेल. पुस्तिका वाचून ये. भरण्याच्या टेबलाचे आणि रिकामं करण्याच्या टेबलाचे नियम मी तुला तिच्यासमोर विचारणार आहे.